कडू इंद्रावणाचं नाव

इंदिरानगर, नाशिक
११ फेब्रुवारी १९९५

चि. मेहरून हिस मामूची दुवा.

अश्रफमियाँचं कार्ड मिळालं. मुलगा झाला, तू आणि बाळ दोघंही सुखरूप, हे वाचून अल्लाचे आभार मानले. तिथपर्यंत कार्ड चांगलं होतं. शेवटच्या ओळीत त्यांनी मुलाचं नाव कळवलं आहे. कळवलं आहे, विचारलेलं नाही. ते नाव मी इथे पुन्हा लिहीत नाही, शाई फुकट जाते.

आपल्या अत्तारांच्या घरात नाव कोण ठेवतं हे तुला सांगायला हवं का? तुझं मेहरुन्निसा हे नाव मी ठेवलं. तुझे अब्बा तुला ‘मुन्नी’ करून मोकळे होणार होते. ते गेल्यावर तुला मी पेठला माझ्या घरी वाढवलं, मराठी शाळेत घातलं, शुद्ध लिहायला शिकवलं. तुझ्या आधीच्या दोन्ही बाळंतपणांत नावं मीच पाठवली. शीरीन आणि नायाब. ती लेकरं राहिली नाहीत हे आपलं नशीब, पण नावं ऐकून तुझ्या सासूबाईंनीसुद्धा मान डोलावली होती. मग या खेपेला मामू मेला का?

येवल्याचे मोमीन पैठणीवर मोर विणतात म्हणे. इतकी नजर असलेल्या घरात मुलाच्या नावासाठी गोणपाट कसं काय काढलं, ते कळव. मी मुद्दाम मराठीत लिहितो आहे. उर्दूत लिहिलं तर तुझ्या सासरचे चौघं पत्राभोवती कोंडाळं करून बसतील.

रोजा आहे म्हणून जीभ आवरून लिहिलं आहे. बाळाला माझा पापा.

तुझा मामू
सिकंदर

*

येवला
२० फेब्रुवारी १९९५

आदरणीय मामूंना मेहरूनचा सलाम.

तुमचं पत्र मिळालं. जीभ आवरून लिहिलेलं इतकं, तर सोडून लिहिलेलं कसं असेल याचा विचार करत बसले.

तुमची शाई वाचावी म्हणून नाव मीच लिहिते. हंजला. हंजला अश्रफ मोमीन. माझ्या धाकट्या दिरांनी, मुश्ताकभाईंनी, जेद्द्याहून फोनवर सुचवलं. ते तिकडे पाच वर्षं आहेत, त्यांना अरबी नावांची माहिती आहे. सासूबाईंना ते पसंत पडलं, ह्यांना पडलं, मला पडलं. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता, कारण बाळ जन्मलं त्याच दिवशी हाक मारायला नाव हवं होतं. यापेक्षा जास्त काही नाही.

बाळ रंगानं आमच्यावर गेलं आहे, आवाजानं तुमच्यावर. ईदनंतर अकीका करायचा आहे. बाळाचे केस काढताना तुमच्या मांडीवर घ्यायचं असं मी ठरवून ठेवलंय. या.

तुमची
मेहरून

*

इंदिरानगर, नाशिक
८ मार्च १९९५

चि. मेहरून हिस दुवा.

रोजे संपले, ईद झाली, आता मोकळेपणानं लिहितो.

तर हे मुश्ताकमियाँचं कर्तृत्व. हा मुश्ताक सातवीत दोनदा बसला होता, हे मला तुझ्या लग्नातच समजलं. तिकडे एअर कंडिशनच्या डब्यांवर पाना फिरवतो आणि इकडे अरबीचा आलिम म्हणून मिरवतो. मागच्या वर्षी आला तेव्हा खजुराच्या पेटीवर छापलेली अक्षरं वाचून दाखवून तुझ्या सासूबाईंना रडवत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पेटीवर ‘थंड जागी ठेवावे’ असं लिहिलेलं होतं.

त्याला विचार, तू सुचवलेल्या नावाचा अर्थ काय. त्याला येत नसेल तर मी सांगतो. वाळवंटात जमिनीवर एक वेल पसरते, तिला लिंबाएवढं पिवळं फळ लागतं. दिसायला गोजिरवाणं आणि चवीला जहर कडू. आपण त्याला कडू इंद्रावण म्हणतो. अरब म्हणतात हंजल. त्यावरून हे नाव. अरबस्तानात इस्लामच्याही आधीपासून चालत आलंय. त्या लोकांत एकेक टोळी दुसरीच्या जिवावर उठलेली, म्हणून पोरांची नावं अशी ठेवायचे की शत्रूनं ऐकूनच थुंकावं. कुणाचं नाव खडक, कुणाचं लांडगा, कुणाचं कडू फळ. त्यांना लढाया होत्या, त्यांचं ठीक होतं. तुझ्या पोराला येवल्यात कुणाशी लढायचं आहे? कांद्याच्या व्यापाऱ्यांशी?

या नावाचे एक थोर सहाबी, पैगंबरांचे सोबती, होऊन गेले, त्यांच्यापुढे माझी मान खाली आहे. लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी लढाईवर गेले आणि शहीद झाले. त्यांना फरिश्त्यांनी आंघोळ घातली अशी रिवायत आहे. पण ते त्यांचं थोरपण झालं. म्हणून पाळण्यातल्या पोराच्या तोंडात आपण इंद्रावण कोंबायचं का?

मी नाव काढून ठेवलं आहे. शादाब. हिरवंगार, टवटवीत. उच्चारताना जिभेला त्रास नाही. हे नाव ठेवणार असाल तर अकीक्याला येतो. नसाल तर तुमच्या मुश्ताकला जेद्द्याहून बोलवा आणि बाळ त्याच्या मांडीवर द्या.

तुझा मामू
सिकंदर

*

येवला
१५ फेब्रुवारी १९९७

आदरणीय मामूंना सलाम आणि ईद मुबारक.

अकीका होऊन दोन वर्षं झाली. बाळ त्याच्या आजोबांच्या मांडीवर दिलं होतं. तुमच्यासाठी काढून ठेवलेली मटणाची वाटी मी नंतर शेजारी देऊन टाकली.

या दोन वर्षांत तुमची पत्रं येत राहिली, त्याबद्दल आभार. पण एकाही पत्रात तुम्ही त्याचं नाव लिहिलं नाही. कधी ‘चिरंजीव’, कधी ‘तो मुलगा’, कधी ‘तुमचं ते रत्न’. मागच्या पत्रात तर ‘संबंधित बालक’. मामू, शाळेतून रिटायर होऊन तुम्हाला तीन वर्षं झाली.

हंजला आता घरभर पळतो. हातमागाखाली शिरतो आणि धागे ओढतो. ह्यांनी एकदा रागावून चापट मारली तर त्यांनाच उलट मारली. तुम्ही पाहिलंत तर तुम्हाला आवडेल.

तुमची
मेहरून

*

इंदिरानगर, नाशिक
२५ फेब्रुवारी १९९७

चि. मेहरून हिस दुवा, ईद मुबारक.

संबंधित बालकाला माझे आशीर्वाद. धागे ओढतो हे वाचून बरं वाटलं. कडू फळाच्या वेलीला सगळीकडे पसरायची सवय असतेच.

त्याच्यासाठी दोन स्वेटर पाठवतो आहे. एक शादाबच्या मापाचा आहे. दुसराही त्याच्याच मापाचा आहे.

मामू

*

इंदिरानगर, नाशिक
२२ जून २००१

चि. मेहरून हिस अनेक दुवा.

आज फार दिवसांनी खुशीत पत्र लिहितो आहे. मुलगा पहिलीत गेला. मराठी शाळेत घातलंस, हे माझे संस्कार. त्या शाळेचे हेडमास्तर कोण आहेत ते तुला ठाऊक नसेल. सहादू गांगुर्डे. पेठला माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. पाढे म्हणताना डोळे मिटायचा. अजूनही मला पाहिलं की पायातल्या चपला काढतो.

मी त्याला एक कार्ड टाकलं. लिहिलं की या मुलाचं घरातलं लाडाचं नाव काहीतरी आडदांड आहे, ते पटावर चढवू नये. पटावर शादाब अश्रफ मोमीन असं लिहावं, जबाबदारी माझी. नाव घालायला अश्रफमियाँ गेले तेव्हा सहादूनं त्यांना सांगितलं, ‘गुरुजींची इच्छा आहे.’ तुझे मियाँ भले गृहस्थ. त्यांना वाटलं तुझंमाझं ठरलेलंच आहे, त्यांनी मान हलवली आणि सही केली. काम पाच मिनिटांत झालं. तुम्ही सहा वर्षं हट्ट धरलात, मी एका कार्डात आटोपलं.

आता रागावू नकोस. शाळेतलं नाव हेच माणसाचं खरं नाव, बाकीची घरात हाक मारायला. मोठेपणी मुलगा तुझे नाही, माझे आभार मानेल. मुश्ताकमियाँना माझा सलाम कळव आणि सांग, इंद्रावण सुकलं.

तुझा मामू
सिकंदर

*

येवला
१६ जुलै २००१

मामूंना सलाम.

हे पत्र शेजारच्या पुंजाभाऊंच्या हाती देते आहे. ते पैठणी पोचवायला आज नाशिकला येतायत. पोस्टाची वाट बघायला मला वेळ नाही.

हंजला सरकारी दवाखान्यात आहे. आठवडाभर ताप उतरत नाही. डॉक्टर टायफॉइड म्हणतात, सलाइन लावलं आहे. ओठ फुटलेत आणि मला ओळखतो की नाही ते कळत नाही. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, तेव्हा अक्षर तपासू नका.

मी दोनदा शाळेत जाऊन आले. नाव बदला म्हटलं, आज बदला, आता बदला. तुमचे सहादू हेडमास्तर हात जोडून म्हणाले, ‘बाई, गुरुजींच्या शब्दावर लिहिलेलं नाव हे. गुरुजींनी लिहून दिल्याशिवाय मी खोडणार नाही.’ म्हणून तुम्हाला लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं.

मुश्ताकभाईंनी नाव सुचवलं हे खोटं होतं. त्यांना या नावाचा अर्थ अजूनही माहीत नाही. सहा वर्षं तुम्ही त्यांना शिव्या घातल्यात, त्या त्यांनी माझ्या सांगण्यावरून खाल्ल्या.

शीरीन चाळिसावा दिवस पाहून गेली. नायाब तेवढाही राहिला नाही. तुम्ही तुमच्या पहिल्या पत्रात लिहिलंत, लेकरं राहिली नाहीत पण नावं ऐकून सासूबाईंनी मान डोलावली. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. मामू, तुमची नावं फार सुंदर होती. तुमच्या वडिलांच्या पेटीतल्या अत्तरासारखी होती, झाकण काढलं की उडून गेली.

तिसऱ्या खेपेला हा झाला तेव्हा शेजारची लंकाबाई आली. पुंजाभाऊंची बायको. तिचीही दोन गेलेली, तिसरा कोंडाजी वाचला. ती म्हणाली, ‘ह्याचं नाव गोड ठिऊ नको बाई. कचरू म्हन, उकिर्डा म्हन. गोड नावावर लय नजर जाती.’ तिनं बाळ सुपात घेतलं, मूठभर कोंडा माझ्या पदरात टाकला आणि त्याला माझ्याकडून विकत घेतलं. म्हणाली, ‘आता ह्यो माझा. तू फकस्त सांभाळ.’ सासूबाई नमाज पढणाऱ्या बाई, हे असलं त्यांना चालत नाही. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण नको म्हणाल्या नाहीत. त्यांनीही दोन नातवंडं पुरलेली पाहिली होती.

मोमिनांच्या घरात कचरू नाव ठेवता आलं नसतं. म्हणून मी असं नाव शोधलं की जे मशिदीत चालेल आणि लंकाबाईलाही चालेल. ते मला कुणी दिलं, सांगू? तुम्ही दिलंत. पेठला मी सहावीत होते. नानांच्या अत्तराच्या पेटीत पोटदुखीवरचं वाळकं इंद्रावण होतं. तुम्ही मला ते जिभेला लावायला लावलंत आणि मी थुंकले तेव्हा पोट धरून हसलात. म्हणालात, ‘अरब लोक याच्यावरून पोराचं नाव हंजला ठेवायचे. म्हणजे मौतसुद्धा तोंडात घेऊन थुंकून टाकेल.’ तुम्ही विसरलात. मी विसरले नाही.

तुमची नावं राहिली नाहीत असं तुम्हाला कसं लिहिणार होते? तुम्हाला वाटलं असतं, मी लेकरांचं खापर तुमच्या डोक्यावर फोडते. म्हणून दिराच्या नावावर घातलं. तुम्ही सहा वर्षं माझी अक्कल काढलीत, मी काढू दिली. त्याचा मोबदला तुम्ही असा दिलात. सहा वर्षं ज्याला सर्दीच्या पलीकडे काही झालं नाही, त्याला शाळेत शादाब म्हणायला लागून महिना झाला नाही तर हे झालं.

मला अडाणी म्हणा. तुम्हीच शिकवलेली अडाणी आहे. पण लिहून द्या.

मेहरून

*

येवला, एसटी स्टँड
१७ जुलै २००१

मेहरून,

पुंजा काल संध्याकाळी आला. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. हे पत्र स्टँडवर बसून लिहितो आहे, अश्रफमियाँच्या हाती देतो. दवाखान्यात आलो नाही. तू मला आत्ता पाहावंस असं मला वाटत नाही आणि मलाही ते जमणार नाही.

आधी एक सांगतो. टायफॉइड पाण्यातून होतो. पटावरच्या नावातून होत नाही. तसं असतं तर या जिल्ह्यातले सगळे राजेंद्र आणि सगळे अशोक दवाखान्यात असते. पाणी उकळून प्या, डॉक्टर सांगेल ते औषध वेळेवर द्या, आणि तुझ्या लंकाबाईला सांग की तिनं मुलगा विकत घेतला असेल तर आता रात्रीच्या जागरणालाही तिनंच बसावं.

शाळेत गेलो. सहादूनं चपला काढल्या. मी म्हटलं, चपला घाल आणि पट काढ. मग अर्ज लिहिला. पूर्वी दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल दिलगीर आहे असं त्यात लिहावं लागलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत असलं वाक्य मी दुसऱ्यांकडून लिहून घेतलं, स्वतः कधी लिहिलं नव्हतं. अर्जात ते नाव मला माझ्या हातानं लिहावं लागलं, एकदा वर आणि एकदा खाली. सहादूनं माझ्यासमोर शादाब खोडलं आणि वर हंजला लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

आणखी एक. इंद्रावणाची ती गोष्ट मला खरंच आठवत नव्हती. गाडीत आठवली. तू थुंकलीस ते माझ्या नव्या सदऱ्यावर.

शीरीन आणि नायाब यांची कबर कुठे आहे हे मी तुला कधी विचारलं नाही. आज अश्रफमियाँनी दाखवली. तिथे जाऊन आलो.

ताप उतरला की कळव. उतरला नाही तरी कळव.

मामू

*

येवला
२९ जुलै २००१

आदरणीय मामूंना सलाम.

ताप उतरला. काल घरी आणलं. डॉक्टर म्हणतात औषधानं उतरला. लंकाबाई म्हणते पटामुळे. मी दोघांनाही हो म्हणते, कारण दोघंही बिल मागत नाहीत.

उठून बसल्यावर त्यानं पहिल्यांदा खिचडी मागितली. दुसऱ्यांदा शिवी दिली, सलाइनला.

त्या दिवशी तुम्ही दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला होता. पुंजाभाऊंनी पाहिलं. आत यायचं होतंत.

तुमची
मेहरून

*

येवला
५ ऑक्टोबर २०१०

आदरणीय नानांना हंजलाचा सलाम.

मी दहावित आहे. तुम्ही पत्र लिहिता म्हणून मीही पत्रच लिहितोय, नाहीतर फोन केला असता. पण फोन अम्मीच्या हातात असतो आणि हे अम्मीला कळायला नको.

आमच्या वर्गातल्या भाग्यश्री पगारेनं सायबर कॅफेत माझं नाव नेटवर टाकलं. तिथे मुस्लिम नावांची यादी असते आणि पुढे अर्थ असतात. बाकी सगळ्यांचे अर्थ सिंह, चंद्र, राजा, तलवार. माझ्यापुढे ‘एक कडू फळ’. तिनं ते सगळ्या वर्गाला सांगितलं. आता मला वर्गात कारलं म्हणतात. सरसुद्धा हजेरी घेताना हसतात.

बोर्डाचा फॉर्म या महिन्यात जातो. एकदा गेला की नाव कायम. अब्बूंनी मला सांगितलं की लहानपणी तुम्ही शाळेत माझं नाव शादाब लावलं होतं आणि अम्मीनं भांडून बदललं. मला शादाबच पाहिजे. हेडमास्तर गांगुर्डे सर आता हायस्कूलच्या कमिटीवर आहेत, ते तुमचं ऐकतात. तुम्ही एक कार्ड टाका. अम्मीला निकालाच्या दिवशी कळेल तेव्हा बघू.

अम्मी म्हणते तुम्हालाही हे नाव कधी आवडलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.

तुमचा
हंजला

*

इंदिरानगर, नाशिक
१३ ऑक्टोबर २०१०

चि. हंजला यास नानाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत, त्या लाल शाईनं दाखवून सोबत परत पाठवतो आहे. ज्याला ‘दहावीत’मधली ‘वी’ ऱ्हस्व की दीर्घ हे सांगता येत नाही, तो नावाचा अर्थ शोधायला सायबर कॅफेत जातो.

तुझ्या अम्मीनं खरं सांगितलं. मला हे नाव कधी आवडलं नाही, आजही आवडत नाही. पंधरा वर्षं मी त्याची टिंगल केली आणि अजून माझं मन भरलेलं नाही. त्यामुळे तुला वाटलं असेल, म्हातारा खूश होईल आणि कार्ड टाकेल. पत्र वाचून मी खूश झालो हेही खरं. मी जिंकलो होतो. कपाटातून कार्ड काढलं, सहादूचा पत्ता लिहिला. मग ते कार्ड पालेभाजीच्या हिशोबाला वापरलं.

ही भाग्यश्री कोण आहे? जी तुला कारलं म्हणते ती उद्या शादाब म्हणेल म्हणून तू आईच्या पाठीमागून नाव बदलणार? नेटवर यादी लिहिणाऱ्या माणसानं कधी इंद्रावण जिभेला लावलं आहे का? तुझ्या अम्मीनं लावलं आहे. तुझ्याआधी तुझी दोन भावंडं आली आणि गेली, त्यांची नावं मी साखरेची ठेवली होती. तुझ्या वेळी तिनं जिभेवरची सहावीतली कडू चव आठवली आणि मौतीनं तुला थुंकून टाकावं म्हणून हे नाव ठेवलं. यात शास्त्र काही नाही, शुद्ध खुळेपणा आहे. पण तुझ्यासाठी एवढा खुळेपणा करणारं दुसरं कुणी मला दाखव.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या अम्मीलाही ठाऊक नाही. माझं नाव सिकंदर नाही. माझ्या आईची माझ्याआधी तीन गेली. मी झालो तेव्हा तिनं मला अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि दगडू म्हणाली. दगडू अत्तार. माझे वडील पेठच्या बाजारात कुंकू, सुरमा, अत्तर विकायचे आणि मी पाठीमागून पेटी घेऊन चालायचो. बायका म्हणायच्या, अत्तारभाऊंचा दगड आला. शाळेत काय म्हणायचे ते तुला आता कळेल. ट्रेनिंग कॉलेजात गेलो तेव्हा मी नाव बदललं. जग जिंकणाऱ्याचं नाव घेतलं. नाशिकचीसुद्धा मला बदली मिळवता आली नाही, पण नाव सिकंदर.

मला त्याचा पस्तावा नाही. आजही तेच करीन. सिकंदर गुरुजी म्हटलं की लोक उठून उभे राहतात, ते मला आवडतं. आई मात्र मरेपर्यंत दगडूच म्हणत राहिली. चुलीपाशी बसून हाक मारायची आणि मी, ट्रेन्ड शिक्षक, लोक ऐकतील म्हणून दार लावून घ्यायचो. तुझी अम्मी दोन वर्षांची असताना ती गेली. त्या दिवसापासून या जगात मला दगडू म्हणणारं कुणी उरलं नाही. नाव बदलायला मला एक अर्ज पुरला होता. ती हाक परत मिळवायला अर्ज कुठे करायचा, ते या नाशकात मला कुणी सांगितलेलं नाही.

सिकंदर म्हटलं की मी ‘हजर’ म्हणतो. कुणी दगडू म्हटलं तर या वयातही धावत जाईन.

तुला तुझ्या नावानं हाक मारणारी अजून स्वयंपाकघरात उभी आहे. फॉर्मवर हंजला लिही, स्वच्छ अक्षरात. पुन्हा कुणी कारलं म्हटलं तर सांग, कारलं म्हणजे लाडाचं झालं, मी त्यापेक्षा कडू आहे.

हे पत्र अम्मीला दाखवू नकोस.

तुझा नाना
सिकंदर अत्तार

*

येवला
२४ ऑक्टोबर २०१०

आदरणीय दगडूमामूंना मेहरूनचा सलाम.

पोरगं पत्र दप्तरात लपवून ठेवत होतं. ज्या घरात तुम्ही मला वाढवलंत तिथे दप्तर तपासायची पद्धत होती, ती मी इथेही ठेवली आहे.

सगळं वाचलं. लाल शाईनं दाखवलेल्या चुकासुद्धा. सातवी चूक चूक नाही, तुमचा चष्मा बदला.

फॉर्म गेला. मी समोर उभी राहून भरून घेतला. हंजला अश्रफ मोमीन. त्या भाग्यश्रीला घरी बोलावून शीरखुर्मा खाऊ घातला आहे. आता ती त्याला हंजलाच म्हणते, पण ज्या आवाजात म्हणते तो मला फारसा पसंत नाही. लंकाबाईला तुमची दगडाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘मंग गुरुजी तर आपलंच मानूस निघालं की.’ मी म्हटलं, निघायला त्यांना सत्तर वर्षं लागली.

बकरी ईदला या. पंधरा वर्षांपूर्वीची अकीक्याची वाटी अजून माझ्या मनात तुमच्या नावानं भरलेली आहे. स्टँडवर बसून चिठ्ठी पाठवायची नाही आणि फाटकावरून परत जायचं नाही. गाडी आली की मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारीन. पूर्ण गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं. बघू कोण धावत येतं.

तुमची
मेहरून